सेवांच्या याद्या आणि हक्काचे घड्याळ

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अमलात येऊन आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. २८ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या या कायद्याने राज्याच्या कारभारात एक महत्त्वाचे तत्त्व आणले. दाखला, परवाना, उतारा किंवा नोंद मिळणे ही कोणा अधिकाऱ्याची मेहरबानी नसून तो नागरिकाचा हक्क आहे, आणि ठरलेल्या मुदतीत तो पुरा न झाल्यास अधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल, हे ते तत्त्व. मध्य प्रदेशाने असा पहिला कायदा २०१० मध्ये केला होता; महाराष्ट्र त्या वाटेने उशिरा का होईना, पण गेला. पदनिर्देशित अधिकारी, त्याच्यावर दोन अपिले, त्याहीवर एक आयोग आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती, अशी यंत्रणाही कायद्याने उभी केली.

या यंत्रणेचा सगळा डोलारा एका साध्या गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट म्हणजे सेवांची यादी. कोणत्या कार्यालयाने कोणती सेवा द्यावयाची, ती देण्यास कोण जबाबदार आणि किती दिवसांत, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अधिसूचित करावयाचे असते. जी सेवा अधिसूचित नाही, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. आता ही मुदत मोजावयाची कोठून? अर्ज सर्व दृष्टींनी परिपूर्ण असा हाती पडेल त्या दिवसापासून, असे कायदा म्हणतो. तरतूद अगदीच रास्त आहे. अपुऱ्या अर्जाचे खापर अधिकाऱ्याच्या माथी फोडता येणार नाही. परंतु ‘परिपूर्ण’ अर्ज कोणता, हे ठरते सोबत जोडावयाच्या कागदपत्रांच्या यादीवरून. ती यादीच जर ठिकठिकाणी वेगवेगळी असेल, आज एक आणि उद्या दुसरी असेल, तर हक्काचे घड्याळ सुरूच होत नाही. अर्ज नाकारला असे कोणी म्हणत नाही, विलंब झाला असेही नोंदले जात नाही. नागरिक मात्र ‘आणखी एक कागद’ आणण्यासाठी परत जातो. सेवांच्या याद्यांची मांडणी हा वरवर पाहता संगणक विभागाने निकालात काढावयाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो या कायद्याच्या अंमलबजावणीचा कणा आहे.

आज याद्यांची वाण नाही. १९९७ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत नागरिकांच्या सनदेची कल्पना स्वीकारली गेली, तेव्हापासून कार्यालयांच्या भिंतींवर फलक लागत आले आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने प्रत्येक प्राधिकरणावर आपली कर्तव्ये आणि कार्यपद्धती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. त्यानंतर ‘आपले सरकार’ हे राज्याचे संकेतस्थळ आले, महापालिकांची स्वतःची संकेतस्थळे आली, केंद्राचे ‘उमंग’ २०१७ मध्ये आणि योजनांची माहिती देणारे ‘माय स्कीम’ २०२२ मध्ये आले. शिवाय प्रत्येक खात्याचे स्वतंत्र संकेतस्थळ आहेच. यांपैकी एकही उपक्रम निरुपयोगी म्हणता येणार नाही. अडचण अशी की प्रत्येकाने सेवेचे वर्णन आपापल्या शब्दांत, आपापल्या साच्यात केले आहे. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही, आणि कोणती नोंद अधिकृत हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड कामगाराची मुलगी बारावीनंतर पुण्यास शिकावयास निघाली आहे, असे समजावे. तिला उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचे प्रमाणपत्र हवे, त्याची पडताळणी हवी, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हवे, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हवे. शेवटच्या या लांबलचक नावाच्या कागदाला व्यवहारात सगळे ‘डोमिसाईल’ म्हणतात. कोठे त्याला अधिवास दाखला म्हटलेले असते, आणि कोठे निव्वळ ‘रहिवासी’ एवढाच शब्द असतो. रहिवासी दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना चुकीचा कागद जोडल्यावरच कळते. केंद्रीय संस्थेत अर्ज करावयाचा, तर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या नमुन्यातील तेथे चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी आणि शुल्कसवलतीसाठी हेच कागद पुन्हा पुन्हा द्यावयाचे. काही ठिकाणी दाखल्यावरील क्रमांकावरून पडताळणी होऊ लागली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका खात्याने दिलेला दाखला दुसऱ्या खात्यापुढे पुरावा म्हणून नेण्याचे काम बहुतांशी अजून अर्जदाराच्याच पायांवर चालते.

शासनाने न केलेली ही जोडणी मग कोणी तरी करतोच. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस ती करतो. त्याला दलाल म्हणून नाके मुरडण्याची पद्धत आहे, आणि त्यांच्यापैकी काही जण त्या नावाला पात्रही असतात. पण निःपक्षपातीपणे पाहिले, तर तो एक चालतीबोलती सेवासूची असतो. कोणत्या कामास कोणता कागद लागतो, कोणत्या कारकुनाकडे कोणता अर्ज जातो, गेल्या महिन्यात काय बदलले, हे सारे त्याच्या डोक्यात असते आणि त्या ज्ञानाचे मोल तो घेतो. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले होते की, व्यवहार करण्यालाच एक खर्च असतो; माहिती शोधण्याचा, ती पडताळण्याचा, बोलणी करण्याचा. शासकीय दाखल्यांच्या बाबतीत हा खर्च अर्थसंकल्पात कोठेच दिसत नाही, कारण तो बुडालेल्या मजुरीच्या, बसभाड्याच्या आणि अर्जनविसाच्या फीच्या रूपाने नागरिक भरतो. ज्याची मजुरी रोजच्या कामावर अवलंबून असते, त्याला तो सर्वांत जड जातो. मासिक पगारदाराची एक रजा जाते. मजुराची त्या दिवसाची चूल थंड राहते.

यावर उपाय म्हणून आणखी एक मोठे संकेतस्थळ काढावे आणि सर्व याद्या त्यात ओताव्यात, असे सुचविले जाते. त्याने एक यादी वाढेल, एवढेच. खरा उपाय निराळा आहे. याद्या अनेक असोत, पण त्या सर्वांनी सेवेचे वर्णन एकाच मान्य केलेल्या साच्यात आणि एकाच संकेतांकांनी करावे. साच्याच्या या एकवाक्यतेलाच समान मानक म्हणतात. ही कल्पना भारताला नवी नाही. वजनमापांचा १९५६ चा कायदा होईपर्यंत एका पेठेतील शेर दुसऱ्या पेठेतील शेराएवढा असेलच असे नव्हते. शेतकरी आपला माल घेऊन बाजारात गेला की कोणी लबाडी केली नाही तरी मापांच्या रूपांतरातच तो नागवला जाई. मेट्रिक पद्धतीने पेठा एक केल्या नाहीत, व्यापारी एक केले नाहीत. माप तेवढे एक केले. एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेत वटतो तोही असाच. त्याच्या तळाशी नऊ आकडे छापलेले असतात, पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. त्यासाठी कोणत्याही बँकेने आपली खतावणी दुसरीच्या हवाली केलेली नाही.

मराठी वाचकांना याहून जवळचे उदाहरण पिनकोडचे आहे. वडगाव, नांदगाव किंवा पिंपळगाव या नावांची गावे महाराष्ट्रात किती आहेत, हे टपाल खात्याच्या माणसास विचारावे. त्यातच पत्ता कोणी मराठीत लिही, कोणी इंग्रजीत, कोणी आणखी तिसऱ्याच लिपीत. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी या गोंधळातून जी वाट काढली, ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाली. गावाचे नाव कसेही लिहिलेले असो, सहा आकडे अचूक असले की पत्र योग्य टपाल कार्यालयात पोहोचते. नाव आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या करणे हे त्यातील मर्म होते. नाव माणसांसाठी असते आणि ते बदलू शकते. ओळखीचा क्रमांक व्यवहारासाठी असतो आणि तो स्थिर राहिला पाहिजे.

सेवांच्या बाबतीत हा विचार सर्वांत पद्धतशीरपणे युरोपात झाला. युरोपीय संघाने २००६ मध्ये सेवाविषयक निर्देश काढून प्रत्येक सदस्य देशास व्यावसायिकांसाठी एकेक संपर्ककेंद्र उभारावयास सांगितले. केंद्रे उभी राहिली; पण लिस्बनमधील सुताराला व्हिएन्नात दुकान काढावयाचे असेल तर एकाची यादी दुसरीशी ताडून पाहता येईना, कारण प्रत्येक देशाने, किंबहुना प्रत्येक प्रांताने, आपल्या सेवा आपल्या रीतीने लिहिल्या होत्या. तेव्हा युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने सार्वजनिक सेवांच्या वर्णनाची एक सामाईक शब्दावली सिद्ध झाली. तिची पहिली आवृत्ती २०१३ ची आहे. तिच्यात तंत्राचे अवडंबर फारसे नाही. सेवेचा ओळखक्रमांक काय, ती देणारे प्राधिकरण कोणते, तिला आधार कोणत्या कायद्याचा, पात्रतेच्या अटी कोणत्या, पुरावा म्हणून काय द्यावयाचे, सेवेतून हाती काय पडते, खर्च किती, वेळ किती, अर्ज कोणत्या मार्गाने करावयाचा, आणि आयुष्यातील कोणत्या प्रसंगी, म्हणजे जन्म, विवाह, नोकरी, मृत्यू अशा कोणत्या घटनेच्या वेळी, ही सेवा लागते, एवढेच प्रश्न ती विचारते. कोणताही चांगला हेडक्लार्क नव्या कारकुनाला हेच समजावून सांगत असतो.

यांतले दोन रकाने विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. एक, पुरावा म्हणून लागणारा कागद. दुसरा, सेवेतून मिळणारा कागद. एका सेवेचे फळ हे दुसऱ्या सेवेचे बीज असते. तहसीलदाराच्या कचेरीतून मिळालेला उत्पन्नाचा दाखला हे तेथील ‘फळ’ आणि नॉन-क्रीमीलेयरच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जातला तो ‘पुरावा’. दोन्ही ठिकाणी त्या कागदाला एकच संकेतांक असेल, तर कोणत्या कागदाच्या मागे कोणता कागद आहे याची सारी साखळी क्षणात मांडता येते. वर उल्लेखिलेल्या मुलीला मग कोणी सांगू शकेल की, तुला एकूण अमुक इतके कागद लागतील, त्यांपैकी अमुक आधी काढ, कारण त्यावाचून पुढचा मिळणार नाही. शासनालाही आपल्याच कारभाराकडे प्रथमच सलग पाहता येईल. कोणता दाखला सर्वाधिक सेवांसाठी मागितला जातो, तो खरोखरच प्रत्येक ठिकाणी आवश्यक आहे काय, कोणत्या दोन अटी एकमेकींच्या पायात पाय घालतात, हे प्रश्न आज अनुभवी अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले आहेत. पत्त्याच्या पुराव्यासाठी जो कागद चालतो, तोच काढण्यासाठी आधी पत्त्याचा पुरावा लागतो, ही तक्रार ज्याने ऐकलेली नाही असा नवखा भाडेकरू शोधूनही सापडणार नाही. असे चक्र एखाद्या यादीत दिसत नाही. याद्या जुळविल्यावरच ते डोळ्यांत भरते.

फिनलंडने या बाबतीत उचललेले पाऊल अभ्यासण्याजोगे आहे. त्या देशात सुमारे तीनशे नगरपालिका आहेत आणि शाळा, बालसंगोपन अशा अनेक बाबींत त्यांना मोठी स्वायत्तता आहे. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांना आपल्या सेवांचे वर्णन एका सामाईक राष्ट्रीय सेवासूचीत करणे बंधनकारक झाले. पण गंमत अशी की, जी सेवा कायद्यानेच सर्व नगरपालिकांना द्यावी लागते, तिचे मूळ वर्णन मध्यवर्ती पातळीवर एकदाच लिहिले जाते; नगरपालिका त्याला आपला पत्ता, वेळा, शुल्क आणि स्थानिक विशेष तेवढे जोडते. तीनशे कारकुनांनी एकच परिच्छेद तीनशे रीतींनी लिहिण्याचा खटाटोप वाचला, आणि स्थानिक स्वायत्ततेलाही धक्का लागला नाही. एस्टोनिया हा चिमुकला देश तर आणखी पुढे गेला. एकच माहिती गोळा करण्यासाठी शासनाने दुसरा स्वतंत्र संग्रह उभारू नये, असे त्याच्या कायद्यातच आहे.

युरोपात सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. २०१८ मध्ये युरोपीय संघाने एकच डिजिटल प्रवेशद्वार उभारण्याचे आणि नागरिकाकडून कोणतीही माहिती एकदाच मागण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. त्यासाठी डिसेंबर २०२३ ही मुदत होती. त्या मुदतीत सगळ्यांचे काम पुरे झाले नाही. मानक कागदावर ठरविणे आणि हजारो कार्यालयांनी ते पाळणे यांत किती अंतर असते, त्याचा हा दाखला आहे. २०२४ मध्ये संघाने या परस्परसुसंगतीसाठी स्वतंत्र कायदाच केला, त्यामागेही हाच अनुभव होता.

भारतात मानकांचा अभाव आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख यांसारख्या मूलभूत बाबी शासकीय संगणकांत कशा नोंदवाव्यात याची मानके केंद्राने २००९ पासून तयार केली. ई-प्रशासनातील परस्परसुसंगतीचा आराखडा २०१५ मध्ये आला. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि गाव यांना संकेतांक दिलेले आहेत. गेल्या काही वर्षांत या निर्देशिकेचे महत्त्व महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणत्या राज्याला क्वचितच जाणवले असेल. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावांच्या राजकारणाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु ज्या प्रणाली जिल्ह्याला नावाने ओळखतात, त्यांच्या दृष्टीने जुना जिल्हा नाहीसा झाला आणि नवा जन्मास आला. ज्या संकेतांकाने ओळखतात, त्यांना एक रकाना बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तो प्रकार याहून अवघड. तेथे गाव तेच, पण त्याचा जिल्हा बदलला. अशा वेळी जुन्या नोंदीचे नव्याशी असलेले नाते टिपून ठेवावे लागते, नाहीतर जव्हारच्या माणसाचा जुना दाखला आणि नवा दाखला दोन परक्या जिल्ह्यांचे ठरतात.

मानके असली आणि ती पाळण्याचे बंधन असले की काय घडते, याचे उदाहरणही घरचेच आहे. शिधापत्रिका ही दीर्घकाळ एका ठरावीक दुकानाला बांधलेली होती. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला, पण तो हक्क गाव सोडताच मागे राही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही एक जोडी व आंध्र प्रदेश आणि तेलंगण ही दुसरी, अशा चार राज्यांत एका राज्याची पत्रिका शेजारच्या राज्यात चालू लागली. जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर हे जाळे देशभर पूर्ण झाले. यामागे दुकानांतील यंत्रे होती, आधारची जोडणी होती; पण त्याहीआधी राज्यांनी शिधापत्रिकेच्या क्रमांकाची आणि नोंदीची एकच पद्धत मान्य केलेली होती. ती नसती तर सुरतेतील यंत्राला धुळ्याची पत्रिका वाचता आली नसती. या यशाची मर्यादाही त्याच जागी आहे. केंद्राच्या कायद्याखालील धान्य माणसाबरोबर प्रवास करते. राज्याने आपल्या खर्चाने दिलेली जादा सवलत करीत नाही. आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर गेलेल्या कुटुंबाला धान्य मिळाले तरी त्याच्या मुलाची शाळा आणि गरोदर बाईची अंगणवाडीतील नोंद यांना अशी सहज वाट अजून मिळावयाची आहे.

मग एवढे उघड लाभ असताना खाती एकत्र का येत नाहीत? अधिकाऱ्यांची अनास्था हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे खर्च एकाच्या पदरी पडतो आणि लाभ दुसऱ्याच्या. महसूल खात्याने आपल्या सेवांच्या नोंदी काटेकोर मानकांत बसविल्या, तर श्रम आणि पैसा त्या खात्याचा जातो. सोय होते ती समाजकल्याण, शिक्षण आणि आदिवासी विकास या खात्यांची आणि शेवटी अर्जदाराची. महसूल खात्याच्या प्रगती अहवालात त्याचा एक गुणही वाढत नाही. जो लाभ कोणाच्याच हिशेबात जमा होत नाही, तो निर्माण करण्यास कोणी आपणहून पुढे येत नाही. रस्त्यावरचा दिवा जसा एकेका घराने वर्गणी काढून लागत नाही, तसेच हे आहे.

दुसरे कारण ठेकेदारीचे आहे. प्रत्येक खात्याची प्रणाली वेगळ्या कंपनीने बांधलेली, आणि ठेक्याच्या अटींत माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळावी याचा उल्लेखच नसतो. मराठीने या चुकीची किंमत पूर्वी एकदा मोजलेली आहे. संगणकावर मराठी आली ती कंपन्यांच्या खासगी फाँटांतून. एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे, हा अनुभव शाळा-महाविद्यालयांतील प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या जुन्या शिक्षकांना आठवत असेल. युनिकोड या जागतिक मानकात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. तरीही कार्यालयांतून ते रुळण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. तोवर लाखो पानांचा मजकूर अशा फाँटांत अडकून पडला होता. सेवासूचींच्या बाबतीत तोच धडा दुसऱ्यांदा शिकण्याचे कारण नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सगळे जोडून टाकण्याच्या या उत्साहातून शासनाच्या हाती प्रत्येक नागरिकाची कुंडली एकत्र येणार नाही काय? ही भीती अनाठायी नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु सेवांची सूची आणि माणसांची सूची यांत गल्लत होता कामा नये. सेवासूचीत कोणाचे नाव नसते, उत्पन्न नसते, जात नसते. असते ते शासनाचे स्वतःचे वर्णन. ती जितकी उघडी तितकी चांगली. व्यक्तीची माहिती एका खात्यातून दुसऱ्यात जावी की नाही, कोणाच्या संमतीने आणि किती, हा निराळा आणि अधिक जोखमीचा प्रश्न आहे, आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे. उलट, कोणत्या सेवेला कोणती माहिती लागते हे जाहीर सूचीत स्पष्ट असेल, तर त्याहून अधिक मागणाऱ्याला अडविणे सोपे होईल.

तेव्हा आरंभ कायद्यातील अधिसूचनेपासून केला पाहिजे. आज सेवा, अधिकारी आणि मुदत अधिसूचित होतात. त्यांना प्रत्येक सेवेचा कायमचा क्रमांक आणि जोडावयाच्या कागदपत्रांची क्रमांकित यादी यांची जोड द्यावी. त्या यादीत नसलेला कागद कोणत्याही कार्यालयाने मागू नये आणि मागितल्यास अर्ज परिपूर्ण मानून मुदत सुरू झाली असे धरावे, एवढी एकच सुधारणा हक्काचे घड्याळ चालू करण्यास पुरेशी आहे. बदल करावयाचा तर तो प्रथम या मूळ नोंदीत व्हावा आणि संकेतस्थळे, सेवा केंद्रे, दूरध्वनीवरील मदतकक्ष व ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा छापील फलक हे सारे तिच्यावरूनच तयार व्हावेत. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही त्याचा फलकावरचा हक्क कमी होता कामा नये. नोंद अचूक ठेवण्याची जबाबदारी ज्या खात्याची सेवा त्याच खात्यातील एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याची असावी. नोंदींची छाननी सेवा हक्क आयोगाकडे सोपविता येईल. यापुढील प्रत्येक संगणकीय ठेक्यात हा साचा पाळण्याची अट असावी, आणि तिच्यावाचून देयक मंजूर होऊ नये.

सर्व खात्यांच्या सर्व सेवा एकदम हाती घेण्याचा मोह टाळणे बरे. २०२७ च्या जनगणनेच्या निमित्ताने राज्यातील गावांच्या आणि प्रभागांच्या याद्या नव्याने पक्क्या होत आहेत; त्या संकेतांकांवरच सेवासूचीची उभारणी झाली तर पुढचे कितीतरी काम वाचेल. आणि पहिली तुकडी कोणती, याचे उत्तर दर जून महिन्यात तहसील कचेरीसमोर लागणारी रांगच देते: उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रीमीलेयर, आणि या कागदांवर अवलंबून असणाऱ्या शिष्यवृत्त्या व वसतिगृहे. महसूल, समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास आणि उच्च शिक्षण या खात्यांनी एकत्र बसून एवढ्या सेवांच्या नोंदी एका साच्यात आणावयाच्या म्हटल्या, तर ते काम प्रवेशाच्या एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंत होण्यासारखे आहे.